हिरड्यांचे राखणदार

रघुनाथ मांडवकरांचा दात हलू लागलाय हे सगळ्यांत आधी त्यांच्या लेकीला कळलं, आणि तेही कानाने.

पहाटेचा चौघडा चालू होता. तांबडखोलच्या सोनजाईच्या देवळाला दरवाज्यावर नगारखाना आहे. कौलारू, तिन्ही बाजूंनी मोकळा. खाली सुपारीच्या बागा, बागांपलीकडे खाडी, आणि खाडीवरून धुकं असं उठायचं की जणू पाणीच अंगावर शाल ओढून बसलंय. आजूबाजूच्या देवळांत आता यंत्रं वाजत होती. कळ दाबली की नगारा, कळ दाबली की सनई. आणि ती सनई कधी चुकायची नाही, कधी दमायची नाही. तांबडखोलच्या देवीला मात्र अजून माणसाचा श्वास लागायचा, आणि तो श्वास पिढ्यानपिढ्या मांडवकरांचा.

केतकी बाबांच्या डाव्या हाताला बसून सूर धरत होती. सूर धरायचा म्हणजे आपल्या सनईतून एकच स्वर, न तुटता, लांबवत ठेवायचा. गालात वारा साठवायचा, नाकाने श्वास ओढायचा आणि स्वर अखंड. त्या एका स्वराच्या अंगणात मुख्य सनई हवी तशी खेळते. अंगणाने खेळायचं नसतं. पोरवयापासून केतकी ते अंगण होऊन बसली होती. बाबांना मुलगा नाही, म्हणून सनई मुलीच्या हाती आली. गावाने आधी नाक मुरडलं आणि मग कान दिला.

तर त्या पहाटे बाबा वरच्या षड्जावर गेले आणि स्वराच्या कडेला एक बारीक शीळ मिसळली. दाराच्या फटीतून वारा यावा तशी. चौघड्यावर बसलेले धाकूतात्या टिपरी न थांबवता म्हणाले, "काय रे रघू, देवीपुढं शीळ घालतोस? ह्या वयात?"

बाबा हसले नाहीत. तात्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांची टिपरी एकदम हळू झाली.

मांडवकरांच्या घरात ही खूण सगळ्यांना ठाऊक होती. पुरुष चाळिशी ओलांडतो, हिरड्या सुजतात, समोरचा दात हलतो, मग पडतो. दात गेला की ओठाला टेका राहत नाही, सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत ठरत नाही, वारा निसटतो. पणजोबांनी कवळी घालून वाजवून पाहिलं होतं, तर पत्तीबरोबर कवळीच थरथरायची. गाव म्हणायचं, सनई दात खाते. देवीची सेवा फुकट होत नाही, तिला दात लागतात. म्हणून पडलेला दात नगारखान्याच्या पायरीखाली पुरायचा आणि त्याच दिवशी मुख्य सनई पुढच्या पिढीच्या हाती द्यायची. देताना घरातली बाई ओवी म्हणायची:

*दात ढळला बापाचा, सूर ढळू नये बाई*
*हातातून हाती जाता चांदणं सांडू नाही*

इतकी सुंदर रीत की तिच्यामागे एक आजार आहे, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

शीळ ऐकल्यावर केतकीला पहिल्यांदा काय वाटलं? आनंद. ती कुणाला सांगणार नव्हती, पण आनंदच. आता माझी पाळी. आणि बाबा सनई पुसताना जिभेने तो दात हळूच चाचपताहेत हे दिसलं, तेव्हा त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की ती पायऱ्या उतरून थेट घरी निघून गेली.

*

त्या आठवड्यात दातांची गाडी आली. सरकारी दंतमहाविद्यालयाची मोठी पांढरी बस, आत खुर्ची आणि एक डबा. शिंप्याच्या मशिनीएवढा. त्यात लाळेचा थेंब टाकला की तो माणसाच्या जनुकांतली हवी ती अक्षरं वाचायचा आणि हिरड्यांत आत्ता काय चाललंय तेही सांगायचा. बसबरोबर आल्या होत्या डॉ. शाहीन मुकादम. खाडीपलीकडच्याच. केस पिकलेले, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण दवाखान्यात नाही, कुणाच्या ओटीवर बसलोय. ह्या एका रोगामागे त्यांनी उभी हयात घातली होती. कोकणातलं एकेक खोरं फिरून, तोंडं उघडायला लावून.

"आ करा तात्या," त्यांनी धाकूतात्यांना सांगितलं.

तात्यांनी आ केला. मक्याच्या कणसासारखे दात. सगळेच्या सगळे.

"काय लावता?"

"काही नाही. सकाळी राख. दिवसभर तंबाखू."

"आणि एकही दात हलला नाही?"

"हलायला सवड कुठाय त्यांना? सारखे चावतात."

डॉक्टर हसल्या. मग गंभीर होऊन तात्यांच्या गालाचं आतलं कातडं बघत म्हणाल्या, "दात वाचलेत, तात्या. गाल वाचेल असं नाही. तंबाखू आजपासून बंद." तात्या खट्टू होऊन उतरले.

केतकीने लाळ दिली ती स्वतःच्या भीतीपोटी. डब्याने गुणगुणून उत्तर दिलं, ते वाचताना डॉक्टरांचा चष्मा नाकावरून घसरला आणि तसाच राहिला.

"घरात कुणाचे दात लवकर गेले?"

"सगळ्यांचेच," केतकी जरा अभिमानानेच म्हणाली. "बाबांचे आता चाललेत. आजोबांचे, पणजोबांचे गेले. सनई दात खाते ना."

"हं. हे झाले पुरुष. आणि मुली?"

"कुठल्या मुली?"

"तुमच्या घरात जन्मलेल्या. आत्या, आजोबांच्या बहिणी. त्यांचे दात?"

मुली लग्न होऊन जातात. त्या सनई वाजवत नाहीत. गेलेल्या मुलींचे दात कोण मोजतं? पण डोळ्यांपुढे एक पदर आला. हसताना, जेवताना, देवळात, सतत तोंडावर ओढलेला. मालनआत्याचा पदर.

"एक आत्या आहे," ती म्हणाली. "तिच्या तोंडात दात नाहीत. पण ती मिश्री लावायची म्हणून..."

"तुमच्या आईही लावत असतील. त्यांचे?"

"आईचे घट्ट आहेत."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला.

मग त्यांनी तिला समजावलं, आणि ते समजावणं केतकीला जन्मभर आठवलं.

"हे बघा. जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात त्यांची वस्ती असते. शरीर त्यांच्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धाडतं. त्यांना राखणदार म्हणू. भातात डुक्कर शिरलं की राखणदार काठ्या घेऊन धावतात ना, तसे. डुक्कर पळालं की शहाणे राखणदार माचावर परत जातात. कारण त्यांना हाक येते, झालं काम, फिरा मागे. ही हाक ऐकायला त्या पेशींच्या अंगावर एक प्रकारचा कान असतो. तो कसा घडवायचा याची कृती जनुकात असते. तुमच्यात, तुमच्या घराण्यात, त्या कृतीतलं एक अक्षर बदललंय. कान घडतो, पण अर्धाच. हाक ऐकूच येत नाही. मग राखणदार शेतातच नाचत राहतात. डुकराने चार लोंब्या खाल्ल्या असत्या. राखणदार अख्खं शेत तुडवतात."

"शेत म्हणजे?"

"दाताभोवतीचं हाड. ते विरघळतं. दात चांगलाच असतो, किडलेला नसतो. त्याच्या पायाखालची जमीनच जाते. म्हणून नवा दात रोवायला गेलं तरी तो रुजत नाही."

"म्हणजे आपलंच माणूस..."

"आपलंच. आणि रागाने नाही हं. राखण करतानाच." त्या थांबल्या. "एकट्या अक्षराचा दोष नाही. त्याला लहानसहान आणखी फरक येऊन मिळतात, तंबाखू, मिश्री, न घासलेले दात. पण ते अक्षर असलं की जमीन उताराची. आईबापांपैकी एकाकडे असलं तर प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी. सनईला त्यातलं काही माहीत नसतं."

केतकीने विचारलं, "बाबांचा दात वाचेल?"

"लेप तयार आहे. लवकर आणलंत तर वाचेल. पाऊस संपेपर्यंत थांबलात तर माझ्या हातात काही उरणार नाही."

बसमधून उतरताना केतकीला कळलं की आपल्या हातात आता एक असं काही आलंय जे घराण्यात कधी कुणाच्या हातात नव्हतं. नुसतं गप्प बसलं, तरी पाऊस संपेल. गप्प बसणं सोपं होतं. तिने घरात पाऊल टाकताच सगळं सांगून टाकलं, धापा टाकत, कारण जरा उशीर केला असता तर तिला स्वतःचाच भरवसा नव्हता.

*

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देवीची खूण आलीय. आज्याने मानली, बापाने मानली. आणि मी काय, दाताला डिंक लावून बसू?"

"डिंक नाही बाबा, औषध आहे."

"आणि तू? तू कधीपर्यंत सूर धरणार? तुझी वेळ आली तर तूच ती पुढे ढकलतेस, वेडे?"

तिचीच जखम बाबांनी हळुवार हाताने उघडून दाखवली होती. आईने मध्ये पडून पाहिलं. बाबा म्हणाले, "देवीने वस्तू मागितली तर ती लपवून ठेवायची नाही." विषय संपला.

दुसऱ्या दिवशी केतकी डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात गेली आणि मालनआत्याला घेऊन आली.

मालनआत्या बाबांची थोरली बहीण. दुसरं लेकरू अंगावर पीत होतं तेव्हाच तिचे दात पडायला लागले होते. सासरी म्हणायचे, माहेरून कसला तरी शाप घेऊन आलीय. पोरं 'बोळकी, बोळकी' करायची. तिने पदर तोंडावर ओढला तो कायमचा. आणि तरीही त्या खोऱ्यात कुणाच्याही घरी जातं फिरायचं, डोहाळे लागायचे, बारसं असायचं, तिथे मालनआत्याच्या ओव्या लागायच्या. बोळक्या तोंडातून शब्द कसे गोल होऊन यायचे, पाण्यातल्या गोट्यांसारखे.

ती ओटीवर बसली. आईने चहा दिला. बाबा तिच्या पाया पडायला वाकले, तसा तिने त्यांचा कान धरला.

"रघ्या, पोरगी सांगते ते खरं काय? सनई दात खाते म्हणून तू बसून राहणार?"

"रीत आहे, अक्का."

"रीत! मग मला सांग, मी कुठली सनई वाजवली?"

बाबा कान चोळत राहिले.

"मला हात लावू दिलात कधी? बाबा वाजवायचे तेव्हा मी खालच्या पायरीवर बसायची. त्याच पायरीखाली तुमचे दात पुरता ना? माझे दात कुठं पुरले माहितीये? एक शेणकीत पडला. एक भाकरीत निघाला, सासूने ती भाकरी कुत्र्याला टाकली. माझे दात कुठल्या देवीने मागितले? नुसतं ऐकल्याने दात पडतात होय? मग ह्या गावात एकही दाताचा माणूस उरला नसता! तो धाकू बघ, रोज सनईच्या कानाशी बसतो, आणि तोंडात अख्खं मक्याचं शेत घेऊन हिंडतो मेला!"

धाकूतात्या अंगणात सुपारी फोडत होते. "मला का मध्ये घेतेस गो मालन? आधीच माझी तंबाखू सुटलीय."

कुणी तरी हसलं असतं, पण आत्याने पदर खाली केला होता. भावासमोर, वहिनीसमोर, उजेडात. आत गेलेले ओठ, आणि त्यांच्यावर एक हसू. मग आत्या बोलल्यासारखीच गायली:

*माझ्या माहेरी सनई, तिचा ऐकू येतो नाद*
*सासरी मी तोंड झाकी, कुणा घालू गं मी साद*

"ही मी माझ्यासाठी जोडलीय. कुठं म्हणत नाही," ती म्हणाली. "रघ्या, शाप नव्हता रे. मी काही वंगाळ केलं नव्हतं. ह्या पोरीने सांगितलं तेव्हा मी वाटेत दगडावर बसून रडले. आनंदाने. आता तू जर खूण, खूण करत दात पाडून घेतलास, तर माझा तो आनंद खोटा पडेल."

बाबांनी बराच वेळ बहिणीच्या पायांवर हात ठेवला होता. उठले ते थेट शर्ट घालायला.

बसमध्ये डॉक्टरांनी आत्याचीही लाळ वाचली. दात गेले तरी अक्षरं जात नाहीत. तेच अक्षर, त्याच जागी. डॉक्टरांनी पडद्यावर मांडवकरांच्या वंशाचं झाड काढलं होतं. त्यात सगळ्या फांद्या पुरुषांच्या. मालन हे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने, बाबांच्या वर, थोरलेपणाच्या जागी बसवलं. "तुमच्यामुळे हे सिद्ध झालं, मालनताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाजवत असता तर मला आणखी काही वर्षं शोधावं लागलं असतं." आत्या म्हणाली, "मग नाही वाजवली ते बरंच झालं म्हणायचं." आणि दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की बसच्या दारातून परिचारिका डोकावली.

*

लेप म्हणजे मधासारखा दाट, फिकट गुलाबी पदार्थ. त्यात डोळ्यांना न दिसणारे थेंब, आणि प्रत्येक थेंबात एक निरोप. हिरडीत येणाऱ्या राखणदार पेशींत शिरून तो त्यांना पुरा कान घडवायला सांगतो. काम झालं की निरोप विरघळून जातो. मूळ जनुकाला कुणी हात लावत नाही. म्हणून लेप दर ऋतूला पुन्हा भरावा लागतो, आणि रोज नीट दात घासावेच लागतात. गेलेलं हाड सगळं परत येत नाही. पण तुडवणं थांबतं, उरलेली जमीन घट्ट होते, काठाकाठाने नवी धरते.

दिवाळीपर्यंत बाबांच्या सनईतली शीळ गेली.

आणि मग जे झालं त्याची कल्पना डॉक्टरांनाही नव्हती.

मांडवकरांच्या घराण्यात चाळिशीपुढचं वादन कुणी ऐकलेलंच नव्हतं. प्रत्येक पिढी हाताला पक्वता येते न येते तोवर खाली उतरत होती. आंबा पाडाला लागला की झाडच हलवून टाकावं, तसं. ही सनई पिकली तर कशी वाजते हे देवीलाही ठाऊक नव्हतं. आता बाबा वाजवायला लागले आणि गाव आपलं काम सोडून ऐकायला लागलं. पूर्वी जिथे ते दहा स्वर घ्यायचे तिथे आता दोन घेऊ लागले, आणि त्या दोन स्वरांमध्ये अशी जागा सोडू लागले की ऐकणाऱ्याचं मन तिथे जाऊन बसावं. तोडी घेतली की धुकं जरा थांबायचं असं बायका म्हणायच्या. आजूबाजूच्या गावांतून लोक पहाटे अंधारात निघून येऊ लागले. एका देवळाने यंत्र बंद ठेवून माणूस शोधायला सुरुवात केली. डॉ. मुकादम एकदा आल्या, खालच्या पायरीवर बसल्या, आणि जाताना डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "मी दात वाचवायला निघाले होते."

केतकी डाव्या हाताला बसून सूर धरत होती.

तिला बाबांचं इतकं कौतुक वाटायचं की छाती दुखायची. आणि छाती दुखायची त्यात नुसतं कौतुक नव्हतं. तिच्याही हिरड्यांत लेप भरला होता. तिच्या दातांना आता कधीच काही होणार नव्हतं. "म्हणजे म्हातारी होईपर्यंत सूर धरायला मोकळी," ती एकदा आईला म्हणाली. थट्टेत म्हणाली, पण आईने हातातली कोयती खाली ठेवली.

"बाय, तुला वाजवायचंय ना?"

"मग कसली वाट बघतेय मी?"

"दाताची," आई म्हणाली. "आपल्या घरात सनई आजवर कुणी मागितली नाही आणि कुणी आपणहून दिली नाही. दातच बोलायचा. त्याने म्हटलं की उठायचं. आता दात गप्प बसलाय. आता माणसांना बोलावं लागणार."

*

तिने मागितली, संध्याकाळचा चौघडा संपल्यावर. तात्या उतरून गेले होते. बाबा पत्ती पाण्याने ओली करून पुसत होते.

"बाबा, मला वाजवायचंय."

"वाजव की."

"घरात नाही. इथे. मुख्य."

बाबांचे हात थांबले. खाली कुणीतरी देवळाचं अंगण झाडत होतं, त्याचा खराटा तेवढा ऐकू येत होता.

"नाही," बाबा म्हणाले.

एवढा उघडा शब्द तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"तुझ्या आज्याने मला सनई दिली ना," बाबा बोलू लागले, तिच्याकडे न बघता, "तेव्हा गाव म्हणालं, काय त्याग, काय मन! त्याग कसला, केतू? ओठच राहिले नव्हते. नंतर ते पडवीत बसून मांडीवर बोटं नाचवत असायचे. कुणी आलं की बोटं मुठीत लपवायचे. मी बघितलंय. मी त्यांच्याकडून घेतली आणि मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला कायम लाज वाटली." ते थांबले. "मला नाही द्यायची. मला आत्ता कुठे यायला लागलीय."

केतकी म्हणाली, "मलाही यायला लागलीय, बाबा. सूर धरून धरून तुझी एकेक जागा मला पाठ झालीय. आणि माझी अशी एकही जागा नाही."

पुढचे काही दिवस दोघं नगारखान्यात येत, वाजवत, उतरत. श्वासाला श्वास लावायचा तो लागत होता. बोलणं तेवढं बंद. तात्या एकदा म्हणाले, "चौघडा माझा, आणि दणदणतंय तुमच्या घरात."

थंडी सरली तशी लेपाची पाळी आली. डॉक्टरांनी बापलेकीला दंतमहाविद्यालयात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसवलं, दोघांच्याही हिरड्यांत लेप भरला, ओठांमागे कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या. "आता घटकाभर तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. दोघंही." आणि त्या दुसऱ्या रोग्याकडे गेल्या.

समोर भिंतीवर आरसा होता. त्यात दोघं दिसत होती. फुगलेले ओठ, तीच हनुवटी, तेच रुंद कपाळ. गालही तसेच, वारा साठवायला घडलेले. केतकीला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. बाबा मात्र एकटक बघत होते. आरशातल्या त्या तरुण तोंडाकडे. ह्या तोंडातले दात कधी हलणार नाहीत. म्हणजे हिची वेळ कधीच आपोआप येणार नाही. कुणी उठवणार नाही, आणि कुणी उठलं नाही तर ही बसूनच राहील, पदर नसलेली मालन होऊन.

कापूस काढला, चूळ भरली. बाबांचा पहिला शब्द होता, "पहाट."

"काय?"

"पहाट तुझी. संध्याकाळ माझी. पुरी नाही देणार. मी काही संत नाही."

केतकी चूळ गिळूनच बसली. "आणि पहाटे तू?"

"घरी झोपतो."

"बाबा!"

"बरं. सूर धरतो."

डॉक्टर हातमोजे काढत उभ्या होत्या. त्यांना संदर्भ ठाऊक नव्हता, पण दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांनी पुढच्या रोग्याला जरा बाहेर थांबायला सांगितलं.

*

पाडव्याची पहाट. केतकी मधल्या, मुख्य सनईच्या जागेवर बसली. मुद्दाम बोलावलेली मालनआत्या आज वर आली होती, नगारखान्यात; सनईच्या इतकी जवळ ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. तिच्या खांद्यावर पदर नीट चापून बसवलेला होता.

केतकीने स्वर लावला, आणि डाव्या हाताला बाबांचा सूर उठला. घटकाभर बरा चालला. मग ढळू लागला. बाबांनी कित्येक वर्षांत सूर धरला नव्हता. त्यांचा वारा सवयीने वर चढू बघायचा, बोटं आपोआप भोकांवरून उठायची, लेकीने एखादी जागा घेतली की त्यांचा स्वर तिच्यामागे धावायचा.

धाकूतात्यांनी टिपरी जोरात हाणली. "रघू! एकच स्वर धरायचाय! आख्खं गाव नाही!"

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी दात घट्ट मिटले, ओठ पत्तीभोवती आवळले, गाल भरून घेतले आणि बोटं दाबून धरली. कपाळावर घाम फुटला. सूर थरथरला, थरथरला आणि ठरला.

तेव्हा केतकी निघाली. आधी बाबांच्याच वाटेने, मग त्या वाटेवरून उतरून सुपारीच्या बागेत शिरावं तशी आडवी, आणि मग अशा एका जागी की जिथे मांडवकरांपैकी कुणीच गेलं नव्हतं. मालनआत्याच्या तोंडून "बाय गं माझी" एवढंच निघालं. बाबांना डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात गुंतलेले होते.

खाली विहिरीवर बायकांच्या कळश्या भरायच्या थांबल्या. मधल्या जागेवर वेगळा हात वाजतोय हे गावाला लगेच कळतं, आणि ह्या गावात त्याचा अर्थ एकच असायचा. दोघीतिघी घाईने देवळाशी आल्या. केतकीची आई पायरीवर फुलं निवडत बसली होती.

"काय गो वहिनी," एकीने आवाज खाली आणून विचारलं, "गेला का दात?"

आईने मान वर करून नगारखान्याकडे पाहिलं.

"सगळे आहेत," ती म्हणाली. "सगळेच्या सगळे. सूर धरतायत ते."